तज्ज्ञ कोण, हे कोणी ठरवायचे?

एप्रिल २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा मंजूर झाला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे वाहिन्यांवर रोज संध्याकाळी त्याचीच चर्चा होती. बोलणाऱ्यांच्या नावाखाली ‘वक्फचे अभ्यासक’, ‘मुस्लिम विषयांचे तज्ज्ञ’ अशा पट्ट्या झळकत होत्या. मी त्यातल्या बऱ्याच चर्चा पाहिल्या. किती लाख मिळकती, किती लाख एकर जमीन, हे आकडे दोन्ही बाजूंना पाठ होते. पण मराठवाड्यातल्या एखाद्या दर्ग्याच्या इनामी जमिनीचा निजामकालीन मुंतखब कसा वाचायचा, त्यातली नोंद आजच्या सातबाऱ्यावर कशी उतरते किंवा का उतरत नाही, मुतवल्लीचा हिशेब कोण तपासतो, हे सांगणारा एकही माणूस मला पडद्यावर दिसला नाही.

अशी माणसे नाहीत, असे नाही. निवृत्त महसूल कर्मचारी आहेत, वक्फ न्यायाधिकरणापुढे वर्षानुवर्षे उभे राहणारे वकील आहेत, जुने उर्दू-फारसी कागद वाचणारे शिक्षक आहेत, एखाद्या तालुक्याच्या इनामांवर पीएचडी करणारी मुले-मुली आहेत. ती कोणाला सापडत नाहीत. वाहिनीला सापडत नाहीत, सरकारी समितीला सापडत नाहीत, आणि खरे सांगायचे तर आपल्या चळवळीलाही वेळेवर सापडत नाहीत.

एखाद्या विषयाचा तज्ज्ञ कसा शोधायचा आणि दहा जाणकारांत कोणाचे म्हणणे अधिक वजनाचे मानायचे, हा प्रश्न वरवर विद्यापीठांच्या आतल्या कारभाराचा वाटतो. माझ्या मते तो आपल्या नागरी हक्कांचा प्रश्न आहे. ज्या समाजाविषयी सतत बोलले जाते, त्या समाजाविषयी कोण बोलणार हे दुसरेच कोणी ठरवत असेल, तर त्या बोलण्यातून निघणारे धोरणही दुसऱ्याचेच असणार.

समित्या आणि त्यांतल्या खुर्च्या

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती मार्च २००५ मध्ये नेमली गेली आणि तिचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. देशातल्या मुस्लिमांची सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक स्थिती आकड्यांत मांडणारा इतका मोठा दस्तऐवज त्यापूर्वी नव्हता. आजही आपण त्याच्याच आधाराने बोलतो. पण या समितीत सात सदस्य होते आणि सातही पुरुष होते. अहवालाचे मोल त्यामुळे कमी होत नाही. तरीही मुस्लिम मुलींची शाळागळती, बायकांचे घरबसले काम, त्यांची मजुरी यांचा हिशेब मांडणाऱ्या समितीत एकाही स्त्री अभ्यासकाला खुर्ची मिळू नये, ही तज्ज्ञ निवडण्याच्या रीतीतली उणीव आहे.

महाराष्ट्रात २००८ मध्ये डॉ. महमूद-उर-रहमान यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१३ मध्ये आला. जुलै २०१४ मध्ये मुस्लिमांतल्या मागास गटांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण देणारा वटहुकूम निघाला, तेव्हा त्याच्या पाठीशी ही आकडेवारी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, शिक्षणातल्या आरक्षणाला दिली नाही. पुढे वटहुकमाचा कायदा झाला नाही आणि तो विरून गेला. राजकारणात काय व्हायचे ते झाले. पण न्यायालयात आपली बाजू जितकी टिकली, तितकी ती मोर्च्यांच्या गर्दीवर टिकली नव्हती. तिच्यामागे अभ्यास होता.

तिसरे उदाहरण आपल्या बहिणींचे आहे. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम महिलांना लग्न, मेहर, तलाक, पोटगी यांबद्दल विचारले होते. त्यांतल्या ९२.१ टक्के महिलांनी तोंडी, एकतर्फी तलाक बंद व्हावा असे सांगितले. पाहणी करणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, विद्यापीठांतल्या खुर्चीवरच्या प्राध्यापक नव्हेत. तोपर्यंत या विषयावर ‘मुस्लिम समाजाला काय वाटते’ हे सांगणारे तज्ज्ञ बहुतेक पुरुषच असत. २२ ऑगस्ट २०१७ च्या शायरा बानो निकालापर्यंतचा प्रवास ज्यांनी पाहिला, त्यांना ठाऊक आहे की या पाहणीने चर्चेचा रोख बदलला. नमुना कसा निवडला, प्रश्न कसे विचारले, असे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तसे विचारलेही पाहिजे. पण त्यासाठीसुद्धा आधी ती पाहणी अभ्यास म्हणून समोर ठेवावी लागते, ‘या तर कार्यकर्त्या’ म्हणून बाजूला सारून चालत नाही.

यंत्र तज्ज्ञ कसा शोधते

आज पत्रकार, अधिकारी किंवा विद्यापीठ जेव्हा तज्ज्ञ शोधते, तेव्हा शोधाचे काम बरेचसे संगणकच करतो. त्यामुळे संगणक हे कसे करतो, हे आपल्याला समजले पाहिजे.

माहितीशोधाच्या शास्त्रात ‘तज्ज्ञशोध’ ही एक स्वतंत्र शाखा आहे. २००५ पासून काही वर्षे अमेरिकेत तिच्या जाहीर चाचण्या झाल्या. ढोबळमानाने दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत एका माणसाचे सगळे लिखाण एकत्र करून त्यात आपला विषय किती येतो ते मोजतात. दुसऱ्या रीतीत आधी विषयावरचे लेख शोधतात आणि मग त्यांच्यावर कोणाची नावे वारंवार दिसतात ते पाहतात. त्यानंतर क्रम लावायचा. त्यासाठी कोणाच्या लेखांचा हवाला इतरांनी किती दिला, कोण कोणाबरोबर लिहितो, याचे जाळे तपासतात. ज्याचा हवाला मोठी नावे देतात, तो वर चढतो.

यात अप्रामाणिक काही नाही. पण दोन्ही रीतींना एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे यंत्राच्या साठ्यात असलेला कागद. साठ्यात नसलेला माणूस त्यांच्या दृष्टीने जन्मलेलाच नाही.

हवाल्यांचे सर्वांत प्रसिद्ध माप म्हणजे एच-इंडेक्स. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी ते २००५ मध्ये सुचवले. एखाद्याच्या सात लेखांना प्रत्येकी किमान सात हवाले मिळाले असतील, तर त्याचा एच-इंडेक्स सात. हिशेब सोपा आहे, म्हणून तो पसरला. पण वैद्यकशास्त्रात वर्षाला शेकडो हवाले मिळू शकतात आणि इतिहासात एक चांगला ग्रंथ लिहायला दहा वर्षे लागतात. स्कोपससारख्या मोठ्या साठ्यांत इंग्रजी नियतकालिकांचा भरणा आहे. मराठी किंवा उर्दू ग्रंथाचा हवाला मराठी प्रबंधात दिला, तर तो या मोजणीत बहुधा धरलाच जात नाही. मग सोलापूरच्या प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या माणसाचे, मराठीत मुस्लिम राजकारण आणि समाजाविषयी केलेले आयुष्यभराचे लिखाण कोणत्या रकान्यात बसणार?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की ज्याचे नाव आधीच मोठे, त्याच्याच पदरात आणखी श्रेय पडते. आता चॅटजीपीटीसारखी साधने आली आहेत. त्यांना ‘महाराष्ट्रातल्या मुस्लिमांवरचे पाच तज्ज्ञ सांगा’ असे विचारले, तर ती याच साठ्यांतून आणि बातम्यांतून आलेली नावे पुढे करतात, कधी तर अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांसकट.

पुण्याने दाखवलेले

मोजमापाचा हट्ट धरला की काय होते, याचा धडा महाराष्ट्रातच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. प्रसिद्ध झालेल्या लेखांना गुण मिळू लागले. मग पैसे घेऊन आठ दिवसांत लेख छापणाऱ्या नियतकालिकांचे पेवच फुटले. आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली, तर तीही त्यांनीच भरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीची छाननी करून २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापले. विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी त्यांनी तपासलेल्यांत ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. नंतर पुण्यातच केंद्र ठेवून ‘केअर’ नावाची नवी यादी करण्यात आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि नियतकालिक पारखण्याचे काम संस्थांवरच सोपवले.

यातून मी एवढेच घेतो की गुण मिळवण्याचे साधन आणि ज्ञान मिळवण्याचे साधन एक झाले, की माणसे गुण मिळवतात. आजकाल ‘जगातल्या अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या यादीत नाव आले की कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. ती यादी स्टॅनफर्डच्या जॉन योआनिडिस यांच्या गटाने स्कोपसच्या आकड्यांवरून काढलेली असते. त्या प्राध्यापकांचे अभिनंदन जरूर करावे. पण वसईच्या भूजलावर किंवा भिवंडीच्या यंत्रमागांवर कोणाला विचारावे, याचे उत्तर त्या यादीत शोधू नये.

शेख किती, पठाण किती

आपल्या समाजापुढे आणखी एक साधी अडचण आहे, ती म्हणजे नावाची. रोमन लिपीत ‘शेख’ चार-पाच प्रकारे लिहितात. खान, पठाण, अन्सारी, सय्यद ही आडनावे देशभर पसरलेली. त्यात आद्याक्षरे लिहिण्याची आपली सवय. परिणाम असा की एकाच माणसाचे लेख तीन नावांखाली विखुरतात किंवा तीन माणसांचे लेख एकाच्या नावावर जमा होतात. मुलीने लग्नापूर्वी एका नावाने लिहिले आणि नंतर दुसऱ्या, तर यंत्राच्या दृष्टीने पहिली संशोधक संपली आणि दुसरी शून्यापासून सुरू झाली.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. २०१२ पासून ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक मिळतो. नाव कसेही लिहा, लेख त्या क्रमांकाखाली जमतात. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचा ‘विद्वान’ नावाचा तज्ज्ञांचा साठा आहे आणि तिच्याच ‘शोधगंगा’वर लाखो प्रबंध ठेवलेले आहेत, त्यांत मराठी, उर्दू, हिंदीतलेही आहेत. मी राहतो त्या वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून रोज लोकलने कलिनाच्या आवारात जाणारे संशोधक विद्यार्थी आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की हा क्रमांक आजच घ्या, सगळीकडे नाव एकाच प्रकारे लिहा, आणि प्रबंधाचा सारांश मराठीतही लिहून ठेवा.

सोपाऱ्याचा विद्वान

इथून काही किलोमीटरवर सोपारा आहे. तिथल्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणवल्या जाणाऱ्या टेकाडात बौद्ध स्तूप आहे, हे १८८२ मध्ये उत्खनन करून सिद्ध केले ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. त्याच वर्षी सोपाऱ्यात त्यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. वसई तालुक्याचा इतिहास त्यामुळे थेट इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकापर्यंत मागे गेला.

भगवानलाल जुनागढचे. विद्यापीठाची पदवी नाही, इंग्रजी लिखाणाचा सराव नाही. ते गुजरातीत लिहीत आणि गेओर्ग ब्यूलर यांच्यासारखे विद्वान ते इंग्रजीत आणत. त्यांना मुंबईत आणले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. पुढे हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने भगवानलालांना मानद डॉक्टरेट दिली. आजच्या यंत्राला १८८० साली ‘पश्चिम भारताच्या शिलालेखांचा तज्ज्ञ’ विचारला असता, तर त्याने ब्यूलर यांचे नाव आधी दिले असते. ब्यूलर मोठेच होते. पण गुहेत दिवा धरून अक्षर न् अक्षर उतरवणारा माणूस दुसरा होता.

त्याच लायडनचे नाव आज या वादात पुन्हा येते. २०१५ मध्ये ‘नेचर’मध्ये ‘लायडन जाहीरनामा’ प्रसिद्ध झाला. संशोधन कसे जोखावे याची दहा तत्त्वे त्यात आहेत. आकड्यांनी जाणकाराच्या पारखीला आधार द्यावा, तिची जागा घेऊ नये, हे पहिले तत्त्व. स्थानिक महत्त्वाच्या दर्जेदार संशोधनाला जपावे, हे तिसरे. म्हणजे मी इथे जे मागतो आहे ते कोण्या एका समाजाचे गाऱ्हाणे नाही, जगभरातले अभ्यासक तेच मागत आहेत.

मुंबईतच आपल्याला असगर अली इंजिनिअर यांचे उदाहरण आहे. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता, नोकरी मुंबई महापालिकेत. इस्लाम आणि दंगली या दोन्ही विषयांवर त्यांचा शब्द जगभर मानला गेला, तो प्रत्येक दंगलीनंतर त्या गावात जाऊन माहिती गोळा करण्याच्या शिस्तीमुळे. १९८० मध्ये त्यांनी इन्स्टिट्यूट ऑफ इस्लामिक स्टडीज काढली आणि १९९३ मध्ये सेंटर फॉर स्टडी ऑफ सोसायटी अँड सेक्युलॅरिझम. विभागप्रमुखपदाची वाट पाहत बसले असते, तर हे काम झालेच नसते.

आपल्याकडची जुनी पारख

माणसाच्या ज्ञानाची पारख करण्याची एक हजार वर्षांहून जुनी विद्या मुस्लिमांकडे आहे. हदीस सांगणारा माणूस विश्वासाचा आहे का, हे तपासण्यासाठी ‘अस्मा उर्-रिजाल’ हे शास्त्र उभे राहिले. कोण कुठे जन्मला, कोणाकडे शिकला, ज्याचे नाव घेतो त्याला खरोखर भेटला होता का, म्हातारपणी स्मरण गेले होते का, हे सगळे चरित्रकोशांत नोंदवले गेले. नवव्या शतकातल्या इब्न सअद यांचा कोश पिढ्यांप्रमाणे लावलेला आहे. पंधराव्या शतकात कैरोचे इब्न हजर अस्कलानी यांनी ‘तकरीब अल्-तहझीब’मध्ये हजारो निवेदकांना बारा श्रेणींत बसवले. तज्ज्ञांचा क्रम लावण्याचा इतका मोठा उद्योग त्या काळात दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

त्यातल्या तीन गोष्टी आजही शिकण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे पारख विषयाप्रमाणे व्हायची. आठव्या शतकातले कूफ्याचे हफ्स बिन सुलैमान हे कुरआन पठणाचे इमाम. आज जगातले बहुसंख्य मुस्लिम कुरआन वाचतात ते त्यांच्याच परंपरेने. पण हदीसच्या बाबतीत इब्न हजर यांनी त्यांना स्पष्ट शब्दांत अग्राह्य ठरवले, आणि त्याच वाक्यात पठणातली त्यांची इमामत मान्य केली. एका विषयातला मोठेपणा दुसऱ्या विषयात चालवून घेतला नाही. आपण मात्र फिक्ह शिकलेल्या मौलानांना अर्थशास्त्र विचारतो, समाजशास्त्राच्या प्राध्यापकाला फिक्ह विचारतो आणि आडनाव मुस्लिम असलेल्या कोणत्याही लेखकाला दोन्ही विचारतो.

दुसरी गोष्ट अशी की दोष दाखवताना कारण द्यावे लागे. नुसते ‘हा कच्चा आहे’ म्हणून भागत नसे. आणि समकालीन प्रतिस्पर्ध्यांनी एकमेकांवर केलेली टीका फारशी मनावर घेऊ नये, असाही दंडक होता. आजच्या समित्यांनी हे दोन नियम पाळले तरी पुष्कळ होईल.

तिसरी गोष्ट स्त्रियांची. अकराव्या शतकात मक्केत करीमा अल्-मर्वझिय्या बुखारींचा संग्रह शिकवत आणि बगदादचे खतीब यांच्यासारखे विद्वान त्यांच्यापुढे बसत. पुढच्या शतकांत अशी नावे विस्मरणात गेली. जौनपूरकडचे आणि आता इंग्लंडमध्ये असलेले मौलाना अक्रम नदवी यांनी जुने कोश पुन्हा चाळून हदीस शिकवणाऱ्या स्त्रियांची चरित्रे जमवली. हा अरबी ग्रंथ २०२१ मध्ये ४३ खंडांत निघाला. ती नावे कोशांत होतीच, शोधणारा हवा होता.

हे शास्त्र निर्दोष नव्हते. पंथभेदाचे पूर्वग्रह त्यात शिरले, राजसत्तेचाही प्रभाव पडला. म्हणून ते जसेच्या तसे उचलायचे नाही. पण ‘तज्ज्ञांची पारख करणे हे पाश्चात्त्य विद्यापीठांचे काम, आपले नव्हे’ असे कोणी म्हणू लागले, तर त्यांना ही परंपरा दाखवावी.

आपण काय करू शकतो

आपल्या मासिकाने जाणकारांची नोंदवही सुरू करावी असा माझा प्रस्ताव आहे. तिचे नियम असे असावेत.

‘मुस्लिम विषयांचे तज्ज्ञ’ असा मथळा त्यात नसेल. वक्फच्या महसुली नोंदी, १९३७ चा शरियत कायदा, उर्दू माध्यमाच्या शाळा, दख्खनी भाषा, यंत्रमाग कामगार, कोकणी मुस्लिमांचा इतिहास असे नेमके विषय असतील. एका माणसाचे नाव त्याच्या विषयाखालीच येईल.

काम कोणत्याही भाषेतले चालेल. प्रबंध, पुस्तक, पाहणी, न्यायालयीन काम, कागदपत्रांचे वाचन, यांपैकी काय केले ते लिहावे लागेल. त्या विषयातल्या दोन जाणकारांची शिफारस हवी आणि त्यांपैकी एक जण त्या माणसाच्या गटाबाहेरचा हवा.

क्रमांक लावायचा नाही. पण श्रेणी सांगायची. मूळ कागद किंवा मूळ माणसे तपासून काम केलेले कोण, त्या कामाचा अर्थ लावणारे कोण आणि त्यावर लोकांपुढे बोलणारे कोण, असे तीन भाग पुरेत. तिघांचीही गरज असते. आज तिसऱ्यालाच पहिला समजले जाते, तेवढे थांबले पाहिजे.

प्रत्येक नोंदीचे कारण छापलेले असेल. आक्षेप घेता येईल, त्याला उत्तर देता येईल आणि चूक दिसली तर नोंद बदलेल. पक्ष, संस्था, अनुदान यांचे संबंध उघड असतील. संमतीशिवाय कोणाचेही नाव येणार नाही.

यावर दोन आक्षेप येतील. एक, ही धर्माच्या नावाने केलेली यादी झाली. तसे नाही. सेतुमाधवराव पगडी फारसी-उर्दू साधनांचे मोठे जाणकार होते आणि सूफी परंपरेवर त्यांनी मराठीत ग्रंथ लिहिला. यू. म. पठाण यांनी महानुभाव आणि संत साहित्याच्या अभ्यासात आयुष्य घातले आणि १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. आपल्या नोंदवहीत पगडींसारखी माणसेही हवीत आणि पठाण सरांसारखीही. मुस्लिम अभ्यासकाला फक्त मुस्लिमांवरच बोलायला बोलावणे हीसुद्धा एक कोंडीच आहे. कर्करोगावर, पुलांच्या बांधकामावर, ज्ञानेश्वरीवर त्याला विचारले जाईल, तेव्हा बरोबरी आली असे म्हणता येईल.

दुसरा आक्षेप, हे ठरवणारे तुम्ही कोण? रास्त प्रश्न आहे. म्हणूनच निकष आधी जाहीर करायचे आणि नावे नंतर. आज जे ठरवतात, ते निकष सांगतच नाहीत.

आणि ही रीत फक्त आपल्या समाजापुरती नाही. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्यात गेले, मिठागरांत माणसे अडकली. नंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांच्याकडून अभ्यास करून घेतला. अशा अभ्यासाची गरज होतीच. पण कोणता नाला कधी बुजवला गेला, भरतीचे पाणी कुठून आत येते, हे मिठागरातल्या मजुराला आणि वाडीतल्या शेतकऱ्यालाही ठाऊक असते. त्यांचे जाणतेपणही नोंदवले गेले पाहिजे. आपल्या नोंदवहीत ‘वसईचे पाणी’ हा विषय घातला, तर सगळ्या धर्मांचे शेजारी त्यात येतील.

वाचकांना माझी विनंती आहे. आपापल्या तालुक्यातल्या अशा एका माणसाचे किंवा बाईचे नाव त्यांची संमती घेऊन संपादकांकडे कळवा. विषय एका ओळीत लिहा. त्यांनी नेमके काय काम केले ते पाच ओळींत लिहा, मराठीत, उर्दूत, हिंदीत किंवा इंग्रजीत. ‘फार हुशार आहेत’ असे लिहू नका, काय वाचले, काय मोजले, काय शोधून काढले ते लिहा. पन्नास नोंदी जमल्या की पहिली यादी दोन्ही भाषांत छापू आणि ती विद्यापीठांना, वृत्तपत्रांना, वाहिन्यांना आणि अल्पसंख्याक आयोगाला पाठवू. पुढची समिती नेमली जाईल तेव्हा ‘आम्हाला कोणी सापडले नाही’ असे म्हणायला जागा राहता कामा नये.